बाबा बँकॉकमध्ये हरवले तेव्हा

फोन वाजला तेव्हा मी ड्राइव्हवे शोव्हल करत होते. २०१७च्या जानेवारीतला शनिवार, सकाळचे सात, अजून उजाडलं नव्हतं. ग्वेल्फमधल्या ज्या घराच्या बेसमेंटमध्ये मी राहत होते, तिथला बर्फ काढायची पाळी शनिवारी माझी असे. हातमोजा दातांनी ओढून काढला आणि फोन कानाला लावला. आई होती.

"जेवलीस का?" तिने विचारलं.

आई बँकॉकला होती. हिवाळ्यात ग्वेल्फ आणि बँकॉकच्या वेळेत बरोबर बारा तासांचा फरक असतो. घड्याळ तेच, फक्त दिवसाची रात्र. आईला त्याची फार गंमत वाटायची. गेले चार दिवस ती रोज संध्याकाळी सातला फोन करून मला "उठलीस का?" म्हणत होती. त्या दिवशी ती चुकली, तिथेच मला कळायला हवं होतं.

"आई, सकाळ आहे इथे. काय झालं?"

"काही नाही गं. हे जरा... हे कुठं दिसत नाहीत."

"दिसत नाहीत म्हणजे?"

"दुपारपासनं."

फावडं हातातून सुटलं ते तसंच पडलं.

बाबा सांगलीजवळच्या एका हायस्कूलमध्ये तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. सगळं जग त्यांनी फळ्यावर काढलं होतं आणि महाराष्ट्राबाहेर ते दोनदा गेले होते, दोन्ही वेळा लग्नाला. मी फूड सेफ्टीचा डिप्लोमा करायला कॅनडाला आले तेव्हा विमानतळावर रडायचं सोडून ते मला नायगाराच्या खडकाची झीज कशी होते ते सांगत होते. मला भेटायला यावं, नायगारा बघावा म्हणून दोघांनी व्हिजिटर व्हिसासाठी अप्लाय केलं, तर तो नाकारला गेला. कारण छापील होतं: हे परत जातील याची खात्री वाटत नाही. बाबांना तो शेरा फार लागला. "परत न जाऊन मी तिथं काय करणार?" एवढंच म्हणाले.

मग सांगलीहून बँकॉक-पट्टायाची टूर निघते आहे असं कळलं. व्हिसा तिथल्या विमानतळावरच मिळत होता. मी हट्ट धरला. आई का कू करत होती. "राहू दे, ह्यांना आता दगदग सोसत नाही." बाबा म्हणत, "आपल्याला काय करायचंय तिथं?" मला वाटलं, नेहमीचाच संकोच. मी चिडले. म्हटलं, "इथे येऊ दिलं नाही, निदान बँकॉक तरी बघून या." काय काय बघायचं त्याची यादीसुद्धा मीच करून पाठवली: राजवाडा, पाचूचा बुद्ध, झोपलेला बुद्ध, नदीपलीकडचं वाट अरुण. वाट म्हणजे त्यांच्या भाषेत देऊळ. बाबांनी यादी वहीत उतरवून घेतली होती म्हणे, सुवाच्य अक्षरात, नकाशासकट.

बर्फात उभं राहून आईकडून एकेक गोष्ट काढून घेतली. सकाळी ग्रुप राजवाड्यात गेला. टूरसाठी म्हणून बाबांनी गुडघ्याखाली येणारी अर्धी विजार घातली होती. राजवाड्यात ती चालत नाही. दारात ढगळ पायजमे विकायला असतात, हत्तींची चित्रं छापलेले. बाबांना त्यातला एक घेऊन दिला, आणि त्यांची विजार आईने आपल्या पिशवीत ठेवली. हॉटेलचं कार्ड त्या विजारीच्या खिशात होतं. त्यांचा फोनही आईकडेच होता.

दुपारी सगळे वाट फोला गेले. तिथे झोपलेला बुद्ध आहे, शेहेचाळीस मीटर लांब. त्याच्या पाठीमागच्या भिंतीशी पितळी वाटग्यांची रांग असते आणि लोक एकेका वाटग्यात नाणं टाकत पुढे सरकतात. आई नाणी टाकत होती, बाबा मागे होते. शेवटच्या वाटग्याशी पोचून तिने वळून पाहिलं, तर मागे एक गोरी बाई होती.

"किती वाजता?"

"अडीच असतील."

"अडीच? आणि आता सात वाजले आई! साडेचार तास तू काय केलंस?"

"शोधत होते," ती म्हणाली. "देऊळ बंद होईस्तोवर दारात बसले होते. ते टूरवाले पण होते. पोलिसात पण सांगितलं. तुला सांगून तू तिथनं काय करणार होतीस?"

तिचं खरंच होतं. पण मी ओरडले. शेजारच्या घरातला दिवा लागला तरी ओरडतच राहिले. सहासष्ट वर्षांचा माणूस आहे, मी म्हटलं, शाळेचा मास्तर आहे, इंग्रजी येतं, नकाशा कळतो. टॅक्सी करून हॉटेलवर येता येत नाही त्यांना? हॉटेलचं नाव आठवत नाही?

मग आई अगदी हळू म्हणाली, "नाही आठवत."

तेव्हा मला कळलं. आई सांगत गेली, गणपतीपासून चाललं होतं. बाबा दूध आणायला निघाले आणि स्टँडवर जाऊन बसले. दिवाळीत त्यांनी माझ्या मामाला "आपण कोण?" असं विचारलं, मामाला वाटलं थट्टा आहे. मिरजेला डॉक्टरला दाखवलं, तो म्हणाला वयोमानाने होतं. रविवारी व्हिडिओ कॉल करताना आई त्यांच्या शेजारी बसून अर्धी उत्तरं स्वतःच द्यायची. मला वाटायचं, आईला बोलायची हौस. ती त्यांना सावरून घेत होती. माझ्या परीक्षा होत्या, माझ्या शिफ्ट होत्या, माझं परमिट रिन्यू व्हायचं होतं, म्हणून मला सांगितलं नव्हतं. आणि मी त्यांना यादी पाठवली होती.

घरात येऊन मी लॅपटॉप उघडला. विमानं बघितली. पण माझा पासपोर्ट व्हिसाच्या शिक्क्यासाठी पाठवलेला होता, तो यायला तीन आठवडे होते. पासपोर्ट हातात असता तरी तिथे पोचायला दीड दिवस लागला असता. मग मी नकाशा उघडला.

नकाशात रस्त्यांचे फोटो असतात, आपण रस्त्याने चालत गेल्यासारखं पुढे पुढे जाता येतं. वाट फोच्या दारातून मी बाहेर पडले. डावीकडे राजवाड्याची पांढरी भिंत, उजवीकडे नदीचा धक्का, वाळवलेल्या मासळीची दुकानं, छत्र्या, रिक्षा. फोटो केव्हाचे तरी, भर दुपारचे होते. फुटपाथवर माणसं चालत होती आणि सगळ्यांचे चेहरे पुसलेले होते. एका बाकावर पांढऱ्या शर्टातला एक म्हातारा दिसला. मी स्क्रीनला नाक लावून त्याच्याकडे बघत राहिले. तो तीन वर्षांपूर्वीचा कुणीतरी माणूस होता, हे माहीत असून मी त्याच्याभोवती चारी बाजूंनी फिरून आले. असे किती म्हातारे बघितले सांगता येत नाही. घड्याळात बघितलं तर सव्वानऊ झाले होते आणि मी एकदाही पोलिसांना फोन केला नव्हता.

मग पीची आठवण झाली.

मी वीकेंडला एका थाई रेस्टॉरंटमध्ये काम करत होते. मालकीण पंचावन्नच्या आसपासची, बँकॉकमध्ये नदीपलीकडे जन्मलेली, नवऱ्याच्या मागे इथे आलेली. पहिल्याच दिवशी म्हणाली, मला मॅडम म्हणू नकोस, पी म्हण. पी म्हणजे मोठं भावंड. ती तोडून बोलायची, भांडी नीट विसळली नाहीत तर परत सिंकमध्ये टाकायची, आणि मला तिची थोडी भीती वाटायची. बस पकडून मी गेले. ती मागच्या दारात भाज्यांचे खोके उतरवून घेत होती.

"शिफ्ट अकराची आहे तुझी," ती म्हणाली.

मी सांगायला लागले आणि माझं इंग्रजीच बंद पडलं. "माय फादर, बँकॉक," एवढंच दोनतीनदा म्हणाले. तिने मला आत नेलं, तांदळाच्या पोत्यावर बसवलं, पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं. मग फोन काढून थाईत बोलायला लागली. पोलिसांशी आधी, मग एका हॉस्पिटलशी, मग दुसऱ्या. मधेच फोनवर हात ठेवून मला विचारी.

"उंची?"

"पाच फूट सहा."

"अंगात काय?"

"पांढरा शर्ट, फुल बाह्यांचा. आणि हत्ती छापलेला पायजमा."

ती बोलायची थांबली. माझ्याकडे बघितलं.

"त्या भागात प्रत्येक टुरिस्ट तोच घालतो," ती म्हणाली, आणि पुन्हा फोनवर तेच शब्द सांगू लागली.

तिचा धाकटा भाऊ पाक ख्लोंगच्या फुलबाजारात फुलं विकायचा. हा बाजार रात्रभर चालतो आणि वाट फोपासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. पीला त्याला उठवायची गरज पडली नाही, तो कामावरच होता. मी बाबांचा फोटो पाठवला, शाळेच्या निरोप समारंभातला, गळ्यात हार असलेला. दुसरा स्पष्ट फोटोच नव्हता माझ्याकडे. तो भाऊ दुकान बायकोवर सोपवून मोटरसायकलवर निघाला. तेव्हा तिकडे रात्रीचे साडेदहा वाजत आले होते.

त्यानंतर तो दर थोड्या वेळाने फोन करायचा आणि पी मला सांगायची. धक्क्यावर नाही. पलीकडे वाट अरुणला जाऊन आला, तिथे परांच्या बांधल्यात, डागडुजी चाललीय, पहारेकऱ्याने परांचीखाली बॅटरी मारून बघितली, नाही. शहराच्या खांबाचं देऊळ, नाही. उंच तांबडा झोपाळा आहे एक, जुन्या काळचा, त्याच्या चौथऱ्यावर बरेच बेघर लोक झोपतात. प्रत्येकाचा चेहरा बघितला. नाही. माझ्या यादीतली ठिकाणंही त्यात येत होती, आणि प्रत्येकाच्या पुढे नाही.

आईला मी तासातासाने फोन करत होते. ती हॉटेलच्या खाली रिसेप्शनमध्ये खुर्चीवर बसून होती. वर खोलीत जायला तयार नव्हती. टूरवाल्या गृहस्थांनी तिला ताक आणून दिलं होतं कुठून तरी. ते माझ्याशीही बोलले. "मॅडम, मी इथनं हलत नाही. पण सकाळी आठला ग्रुप पट्टायाला निघणार. बाकीच्यांना मी थांबा कसं म्हणू?" मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्यांनी ऐकून घेतलं.

दुपारी गिऱ्हाइकं आली. पी म्हणाली, घरी जाऊ नकोस, घरी एकटी वेडी होशील, लसूण सोल. मी लसूण सोलत बसले. बाहेर लोक हसत होते, कुणाचा तरी वाढदिवस होता.

दोनच्या सुमाराला फोन आला. पी ऐकत होती आणि तिचा चेहरा एकदम स्थिर झाला. गॅस बंद केला तिने. थाईत काहीतरी विचारलं, पुन्हा विचारलं. मग माझ्यासमोर येऊन खाली बसली.

"मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही," ती म्हणाली. "फुलबाजाराजवळच्या पुलाखाली नदीत एक म्हातारा माणूस सापडलाय. बचाववाल्यांनी हॉस्पिटलला नेला. भाऊ तिकडे निघालाय."

"जिवंत?"

तिने मान हलवली. नाही.

"पँट?"

"त्याला माहीत नाही. बघेल आता."

त्यानंतरचा पाऊण तास माझ्या आयुष्यातून कुणी कापून नेला तरी चालेल. मी वॉशरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं आणि जमिनीवर बसले. बाबांना पोहता यायचं. कृष्णेत पोहायचे ते, मला पाठीवर घेऊन. पण पोहता येतं हे तरी त्यांना आठवलं असेल का, असा विचार आला आणि मी तोंडात ॲप्रनचं टोक कोंबलं. आईला कसं सांगायचं, त्यांना घरी कसं आणायचं, आणि मी न जाताच सगळं होणार. बाबांना अग्नी कोण देणार, असले हिशेबसुद्धा मनात यायला लागले, इतक्या लवकर. मी देवाला काहीच म्हटलं नाही. म्हणायला तोंड नव्हतं.

पीने दार वाजवलं. "तो म्हणतोय, फोटो पाठवू का? त्याला नक्की सांगता येत नाही."

मी फोन हातात घेतला. फोटो उघडताना बोट चालेना, तर पीने माझं बोट धरून दाबलं.

तो माणूस बाबा नव्हता. थाईच होता कुणीतरी, बाबांपेक्षा म्हातारा, हनुवटीवर पांढरी खुरटी दाढी. डोळे अर्धवट उघडे.

"नाही," मी म्हटलं. "नाही, नाही, नाही." आणि मी हसले. खरोखर हसले, मोठ्याने, त्या मेलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघत. पी माझ्याकडे बघत होती. तिने फोन काढून घेतला, त्या फोटोला हात जोडले आणि तो पुसून टाकला. तेव्हा कुठे मला शरम वाटली. कुणाचा तरी बाप होता तो. त्याची मुलगीही कुठेतरी फोन घेऊन बसली असेल.

आईला हे मी सांगितलं नाही. आजतागायत नाही.

मग संध्याकाळ व्हायला लागली. जानेवारीत इथे साडेपाचला अंधार पडतो. तिकडे पहाट होत होती. भावाने शोध थांबवला होता. त्याला फुलं पोचवायची होती. ते राजाच्या दुखवट्याचं वर्ष होतं. राजा जाऊन तीन महिने झाले होते आणि त्याच्या अंत्यदर्शनाला देशभरातून माणसं येत होती, काळे कपडे घालून, राजवाड्याजवळच्या मोठ्या मैदानात रात्र रात्र रांगेत बसत होती. त्यांना खाऊपिऊ घालायला स्वयंसेवकांनी मंडप टाकले होते. या भावाची झेंडूची टोपली रोज पहाटे एका मंडपात जायची.

पावणेसहाला पीचा फोन वाजला. तिने उचलला, ऐकलं, आणि काही न बोलता फोन माझ्या हातात दिला. व्हिडिओ चालू होता. आधी नुसता अंधार आणि पिवळे बल्ब. मग प्लॅस्टिकच्या खुर्च्या, ओळीने काळ्या कपड्यांतली माणसं. आणि त्यांच्यात एका खुर्चीवर पांढरा शर्ट. छातीला काळी फीत टाचलेली. खाली हत्ती.

"बाबा!"

त्यांनी इकडे तिकडे बघितलं. भावाने फोन त्यांच्या तोंडासमोर धरला.

"बाबा, मी बोलतेय. तुम्ही बरे आहात ना? कुठे होतात तुम्ही?"

"इथंच," ते म्हणाले. आवाज अगदी नेहमीचा, थोडा बसलेला. "कुणीतरी गेलंय यांच्यातलं. मोठा माणूस दिसतोय. सगळे रडताहेत. असं मधनंच उठून कसं यायचं?"

"जेवलात का?"

"भात दिला यांनी. चांगली माणसं आहेत. पण रांग धड लावता येत नाही. मी सांगितलं दोघातिघांना."

मी रडत होते. ते बघून ते जरा अवघडले. शाळेत एखादं मूल पडून गुडघा फोडून आलं की त्यांचा चेहरा असा व्हायचा. मग फोन धरणाऱ्या त्या अनोळखी माणसाकडे वळून ते मराठीत म्हणाले, "आमच्या शाळेतली मुलगी आहे. हुशार आहे."

पी माझ्या मागे उभी होती. तिला मराठी कळत नव्हतं. "काय म्हणाले?" तिने आनंदाने विचारलं.

"मला ओळखलं," मी म्हटलं.

नंतर कळलं ते असं. वाट फोमधून बाबा दुसऱ्याच दाराने बाहेर पडले होते आणि राजवाड्याच्या भिंतीकडेने चालत राहिले. काळ्या कपड्यांची माणसं एका दिशेने चालली होती, तेही चालू लागले. पोलिसांच्या तपासणी नाक्याअलीकडच्या मंडपात त्यांना कुणीतरी खुर्ची दिली, पाणी दिलं. एका स्वयंसेविकेने नाव विचारलं तर त्यांनी शाळेचं नाव सांगितलं. कुठे उतरलात विचारलं तर सांगितलं, सांगली. तिने ते लिहून घेतलं होतं आणि सकाळी पोलिसांकडे देणार होती.

भाऊ त्यांना मोटरसायकलवर पुढे बसवून हॉटेलवर घेऊन गेला. पुढे बसवून, म्हणजे पडू नयेत. आई खुर्चीतून उठलीच नाही म्हणे, बसल्या बसल्याच तिने त्यांचा हात धरला. बाबांनी तिला विचारलं, "तू इथं काय करतेस एकटी?" ग्रुप पट्टायाला गेला. टूरवाले गृहस्थ मात्र गेले नाहीत, त्यांनी ग्रुप दुसऱ्याच्या ताब्यात दिला आणि आईबाबांना दोन दिवसांनी स्वतः मुंबईपर्यंत आणून सोडलं. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "माझी आई पण अशीच गेली."

मिरजेत दुसऱ्या डॉक्टरने फोटो काढले, मेंदूचे, आणि त्या आजाराचं नाव सांगितलं. आईने ते मला फोनवर अडखळत वाचून दाखवलं.

माझा पासपोर्ट तीन आठवड्यांनी आला. मी गेले नाही. हे मला सरळ लिहायचं आहे, कारण पुष्कळांना मी वेगवेगळी कारणं सांगितली आहेत. सेमिस्टर चालू होतं. गैरहजेरी लागली असती. मग डिप्लोमा संपला, मग वर्क परमिट, मग पीआरसाठी, म्हणजे कायम राहायच्या परवान्यासाठी, नोकरीचे महिने मोजायचे होते, मधे खंड पडायला नको होता. आई म्हणायची, "ये नको, तुझं होऊ दे आधी." मी ते ऐकायला सोपं होतं म्हणून ऐकलं. मी बॉर्डरवर परत आत घेतील का नाही याला घाबरत होते, आणि घरी गेल्यावर काय बघावं लागेल याला त्याहून जास्त.

पुढच्या वर्षी डिसेंबरात गेले, तीन आठवडे. बाबांनी दारातच मला नमस्कार केला. या, बसा म्हणाले. चपला कुठे ठेवायच्या ते दाखवलं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, कोण आलंय बघा तरी." ते म्हणाले, "पाहुण्या आहेत, चहा टाक."

तीन आठवडे मी त्यांच्याकडून अहोजाहो करून घेतलं. कधी पाहुणी होते, कधी नवीन बाई, शाळेत बदलून आलेली. एकदा मला म्हणाले, "तुम्ही राहता कुठे?" मी म्हटलं, कॅनडात. "थंडी फार," ते म्हणाले, आणि जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता. पण ते उठून खिडकी लावायला गेले.

रात्रभर ते घरात फिरत. आई दाराला आतून कुलूप लावून किल्ली कमरेला खोचून झोपत असे. झोपत कसली, पडत असे. तिचं वजन अर्धं झालं होतं. मी म्हटलं, माणूस ठेवू या मदतीला. ती म्हणाली, "ठेवलेला. ह्यांनी त्याला चोर समजून मारलं." बँकॉकचा विषय आम्ही काढला नाही. फक्त एकदा, भांडी लावताना, ती माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "तेव्हाच तुला सांगायला पाहिजे होतं. तू पाठवलं नसतंस." मी म्हटलं, "मी विचारायला पाहिजे होतं."

निघायच्या दिवशी बाबा झोपले होते. दोन रात्री जागून त्यांना नुकती झोप लागली होती. आई म्हणाली, "उठवू का?" मी नको म्हटलं. रिक्षा आली होती. आईने कुलूप काढून मला बाहेर सोडलं आणि पुन्हा आतून लावून घेतलं. ती खिडकीतून हात हलवेल म्हणून मी जरा वेळ थांबले. पण आतून बाबांची हाक ऐकू आली, आणि ती त्यांच्याकडे गेली.